अंथरुणाशेजारचा हिशेब

पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा मोडलेला खुबा यांमुळे माणूस अंथरुणाला खिळला, की मोठा खर्च दवाखान्यातच होतो असे सगळे धरून चालतात. तो मोठा असतोच, पण कुठेतरी थांबतो. बिल येते, विमा किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्यातला काही भार उचलते. घरी आणल्यानंतरच्या खर्चाला मात्र बिलच नसते. डायपर दिवसाला तीन धरले तर महिन्याला 90 लागतात. नगाला 40 रुपये पडले तरी 3,600 झाले. शिवाय हवेची गादी, औषधे, व्यायाम करून घेणाऱ्याच्या घरभेटी आणि ब्यूरोतून येणाऱ्या मावशींचा पगार. यातले बहुतेक काही विम्यात बसत नाही.

मावशी परवडल्या नाहीत, की घरातलेच कोणीतरी नोकरी सोडते. ज्याचा पगार कमी, त्याने सोडायची, हा हिशेब वरवर बिनचूक दिसतो. उत्तर बहुधा सून, मुलगी नाहीतर बायको असेच येते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयाच्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेताना आढळल्या, पुरुष 21.4 टक्के. त्यासाठी स्त्रियांची दिवसाला सुमारे 140 मिनिटे जात होती, पुरुषांची 74. यात मुलांचे संगोपनही आले.

तरी सगळ्या घरांची चिंता एकसारखी नसते. रोजंदारीवरच्या मुलाचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. निवृत्त नवऱ्याला एकाच पेन्शनीत दोघांची औषधे बसवायची असतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांना आज खर्चही करायचा असतो आणि आपल्यामागे त्याला पुरेल एवढी शिल्लकही टाकायची असते. परदेशातला भाऊ पैसे पाठवतो, इथली बहीण रात्री जागते. पाठवलेल्या पैशांची नोंद बँकेत राहते, जागरणाची कुठेच राहत नाही. भावंडांतली बरीचशी भांडणे इथूनच निघतात.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. बाराला, दोनला, चारला उठणारा माणूस सकाळी दुकानदाराची उधारी आठवतो आणि स्वतःची रक्ततपासणी पुढच्या महिन्यावर ढकलतो. थकवा कुठला आणि पैशाची काळजी कुठली, हे मग वेगळे काढता येत नाही. काळजीवाहकांवरचा ताण मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या झारिट प्रश्नावलीच्या 22 प्रश्नांतही एक प्रश्न पैसे पुरतात का, हाच आहे.

कायद्याने दिलेला आधार तुटपुंजा आहे. जुन्या करप्रणालीत अवलंबित अपंग व्यक्तीसाठी 75,000 रुपयांची वजावट आहे, तीव्र अपंगत्वासाठी 1,25,000 ची. पण वजावट मिळते ती कर भरणाऱ्याला. सेवेसाठी नोकरी सोडलेल्याला तिचा काय उपयोग? 2016 च्या अपंग हक्क कायद्यात काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, मात्र सरकारच्या आर्थिक ऐपतीच्या अटीवर. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी महिना 600 रुपये ठेवले. वरच्याच भावाने त्यात 15 डायपर येतात, म्हणजे पाच दिवसांचे.