नदीलाच नाव बदलावं लागलं

कादंबरीकाराची चूक झाली तर फार तर पुढच्या आवृत्तीत ती सुधारतात. पियेर बूलच्या बाबतीत चूक तशीच राहिली आणि थायलंडने नदीचं नाव बदललं!

बूलची क्वाय नदीवरच्या पुलाची कादंबरी 1952 साली फ्रेंचमध्ये आली, 1957 मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला. शिट्टीवर वाजणाऱ्या त्या धुनेमुळे तो आपल्याकडेही अनेकांच्या लक्षात आहे. पुढे पर्यटक पूल शोधत कांचनाबुरीला पोचू लागले. पूल होता, पण क्वायवर नव्हता. तो होता मे क्लाँग नदीवर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बांधून घेतलेली सयाम-ब्रह्मदेश रेल्वे बराच पल्ला क्वे नोई नदीच्या, म्हणजे बूलच्या ‘क्वाय’च्या, काठाने जायची, एवढं बूलला माहीत होतं. मग पूलही तिच्यावरच असणार, असं तो धरून चालला. ती जागा त्याने पाहिलेली नव्हती. अखेर 1960 च्या सुमारास मे क्लाँगच्या त्या पट्ट्याला ‘क्वे याई’ म्हणू लागले.

मग न पाहिलेल्या पुलावर इतकी थरारक गोष्ट त्याने लिहिली कशाच्या जोरावर?

बूल मूळचा अविन्यॉंचा, जन्म 1912 चा, शिक्षणाने इंजिनिअर. 1936 मध्ये तो मलायात रबराच्या मळ्यावर नोकरीला गेला. युद्ध सुरू झालं, फ्रान्स पडला, तेव्हा सिंगापूरला जाऊन तो जर्मनीविरुद्ध लढत राहिलेल्या द गॉलच्या बाजूला मिळाला. तिथे त्याला घातपाताचं शिक्षण मिळालं: सुरुंग कसे लावायचे, पूल कसे उडवायचे. ‘पीटर जॉन रूल’ या इंग्रजी नावाची कागदपत्रं हाती आली. चीनमधून छुपेपणाने इंडोचायनात शिरायचं म्हणून या इंजिनिअरसाहेबांनी बांबूंचा तराफा बांधला आणि रात्रीच्या अंधारात नदीत सोडला.

पकडला गेला. पण जपान्यांच्या हाती नव्हे, आपल्याच देशबांधवांच्या. इंडोचायनाचा फ्रेंच कारभार तेव्हा जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारशी इमान राखून होता. 1942 मध्ये त्याला जन्मभराच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. 1944 मध्ये तो निसटला आणि युद्ध संपेपर्यंत कलकत्त्याच्या तळावरून काम करत राहिला.

कादंबरीतला कर्नल निकोल्सन आठवा. शत्रूच्या कैदेत असूनही शत्रूसाठी उत्तम पूल बांधण्यात तो इतका रमतो की, आपण कोणासाठी राबतोय याचाच त्याला विसर पडतो. वाचणाऱ्याला वाटतं, हा अस्सल इंग्रज. त्याचं बीज मात्र इंडोचायनात भेटलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांत होतं, असं खुद्द बूलने सांगितलंय. शिस्त, हुद्दा, कर्तव्य सगळं चोख, फक्त बाजू चुकलेली! मला हे सर्वांत विलक्षण वाटतं. आपल्या माणसांवरचा राग त्याने इंग्रजी गणवेश चढवून मांडला.

त्यात अन्याय झाला तो फिलिप टूझी यांच्यावर. कांचनाबुरीच्या युद्धकैदी छावणीतले हे खरेखुरे इंग्रज अधिकारी. त्यांची माणसं वाळवी गोळा करून पुलाच्या लाकडांत सोडत, काँक्रीट मुद्दाम बिघडवत. जगाने मात्र त्यांना निकोल्सन समजून घेतलं.

आणखी एक माणूस या गोष्टीतून जवळजवळ गळालाच. 415 किलोमीटरच्या त्या रेल्वेवर दोस्त राष्ट्रांचे बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. पण आशियाई मजूर त्यांच्या कितीतरी पट, अंदाजे नव्वद हजार. त्यांत मलायातल्या रबरमळ्यांवरून नेलेले तमीळ मजूर मोठ्या संख्येने होते. मळ्यावर वर्षं काढलेल्या बूलला अशी माणसं अनोळखी नव्हती. तरी कादंबरीच्या केंद्रस्थानी राहिला तो इंग्रज कर्नलच. ही तिची मोठी उणीव आहे, असं माझं स्पष्ट मत.

सिनेमाच्या पटकथेचं ऑस्कर बूललाच मिळालं, हा तर कळस! इंग्रजी पटकथा त्याने लिहिलीच नव्हती. ती लिहिणारे कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत असल्यामुळे त्यांची नावं पडद्यावर आली नाहीत. अकादमीने पुढे तो मान त्यांना दिला, तेव्हा दोघेही हयात नव्हते. आणि 1963 मध्ये माणसांवर राज्य करणाऱ्या वानरांच्या ग्रहाची कादंबरी लिहिली तीही याच बूलने. प्राणिसंग्रहालयातल्या गोरिलांच्या चेहऱ्यावरचे माणसासारखे भाव पाहून ती सुचली, असं तो सांगे. पण एका रात्रीत मालक कैदी झालेले ज्याने आशियात पाहिले, त्याला अशी उलथापालथ कल्पनेत आणायला फारसे कष्ट पडले नसावेत.

सिनेमात पूल कोसळतो. कादंबरीत तो शाबूत राहतो. खऱ्या पोलादी पुलावर 1945 मध्ये दोस्तांच्याच विमानांनी बाँब टाकले, युद्धानंतर तो दुरुस्त झाला. कांचनाबुरीला गेलात तर नीट बघा: गोलाईच्या कमानी मूळच्या आहेत, आणि मधले दोन कोनदार गाळे नंतर बसवलेले.