धरण गळतंय? आधी पाण्याचा रंग बघा

मी गासवरून बोलतोय. आपल्या वसई पट्ट्यात मिठागरांच्या बांधावर खेकड्यांची बिळं कोणी पाहिली नाहीत?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडीतली घरं, माणसं वाहून गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं आणि मीम्स सुरू झाले. आता, बिळातून गळती सुरू होऊ शकते, हे खरंय. पण तिवऱ्याच्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. खेकड्यांच्या विनोदात हा मुद्दाच बुडाला.

मातीचं प्रत्येक धरण थोडं पाझरतंच. म्हणून तर आत चिकण मातीचा गाभा, मागे वाळूची गाळणी आणि पायथ्याशी निचऱ्याची चारी असते. चारीत नितळ पाणी आलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. गढूळ आलं, तर धरणाची माती आतून वाहून चाललीय. याला 'पायपिंग' म्हणतात. पोकळी बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूने सुरू होते आणि जलाशयाकडे कोरत जाते. ती जितकी लांबते तितकी पाण्याची वाट आखूड होते, जोर वाढतो. अमेरिकेतलं टेटन धरण घ्या. ५ जून १९७६, सकाळी साडेसातच्या सुमारास गढूळ गळती दिसली, दुपारी बाराच्या आत धरण फुटलं. भोक बुजवायला गेलेले दोन बुलडोझरही गेले.

मोजायला साधी युक्ती आहे: चारीत 'व्ही' आकाराची खाच असलेली पाटी. खाचेतल्या पाण्याची उंची दुप्पट झाली, तर प्रवाह साडेपाच पटींहून जास्त झालेला असतो. जलाशयाची पातळी तीच आणि हा आकडा मात्र चढतोय, तर पाणी नितळ असलं तरी शंका घ्यायची. आमच्या भाषेत, रोजचा लॉग ठेवा.

दुरुस्तीत पहिला मोह होतो बाहेरचं तोंड लिंपायचा. हे म्हणजे अलर्ट म्यूट करणं! दाब आतच राहतो, पाणी दुसरीकडून फुटतं. त्याऐवजी जलाशयाची पातळी उतरवतात. गळतीच्या तोंडावर आधी वाळू, मग बारीक खडी, वर दगड टाकतात; पाणी जातं, माती अडते. पाणी नितळ झालं, की मग निवांतपणे आतली पोकळी सिमेंट-बेंटोनाइटने भरतात, किंवा गाभ्यात नवी भिंत उतरवतात.