भुलीआधीची शिकवणी

“शेवटचं कधी खाल्लंत?”
“काही नाही, सकाळी फक्त पेज घेतली.”

रायगडच्या किनाऱ्यावर पेज हे जेवण मानलंच जात नाही. भूल देणाऱ्याच्या हिशेबात मात्र ती जेवणच. भुलीत गिळण्या-खोकण्याची आपसूक क्रिया मंदावते; पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जीवावर बेतू शकतं. म्हणून हलक्या खाण्यानंतर ६ तास, तळलेल्या मासळीनंतर ८ आणि साध्या पाण्यानंतर २ तास, असा सर्वसाधारण नियम आहे. दुधाचा चहा खाण्यात धरायचा, कोरा चहा पाण्यात. ‘उपाशी राहा’ एवढ्यावर भागत नाही. घरातल्या पदार्थांची नावं घेऊनच हे सांगावं लागतं, आणि ते काम बहुतेकदा वॉर्डातल्या सिस्टरच्या वाट्याला येतं.

तिची शिकवणी इथे संपत नाही. मंगळसूत्र, नथ, बांगड्या, कवळी काढून ठेवायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे नक्की विचारायचं; ती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवणार. मिश्रीचा प्रश्न सर्वांत नाजूक. सुनेसमोर सासू मिश्रीची डबी कबूल करत नाही, त्यामुळे शहाणी सिस्टर नातेवाइकांना आधी बाहेर पाठवते. मग दीर्घ श्वास, टाके हाताने दाबून खोकणं, कुशीवर वळून उठणं, हे सगळं रुग्णाकडून करवून घ्यायचं. हर्नियाच्या ऑपरेशननंतर मासळीची पाटी पुन्हा डोक्यावर कधी घ्यायची, हे कोळणीला घरी जाताना नव्हे, आधीच कळायला हवं. त्यावर तिच्या घरचा बाजार अवलंबून असतो.

हा सगळा वेळ फुकट जातो असं वाटणाऱ्यांसाठी एक जुना पुरावा आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखणार कुठे आणि तेव्हा काय करायचं, हे आधी समजावलेल्या गटाला वेदनाशामक जवळपास निम्मंच लागलं आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. तिथे समजावणारे भूलतज्ज्ञ होते. पुढे १९७१ साली लिंडेमन आणि व्हॅन एर्नम यांनी परिचारिकांच्या आखीव शिकवणीचाही असाच उपयोग दाखवला: रुग्णांना श्वास-खोकला नीट जमू लागला, मुक्काम घटला.

रायगडात पैशाची अडचण हलकी करणारी सोय लवकर आली. आजच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा पूर्वावतार २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत रायगड होता. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाला २०२१ पासून वैद्यकीय महाविद्यालयाचीही जोड आहे. योजनेची कागदपत्रं समजावायला आरोग्यमित्र नेमला. रुग्णाचं शरीर त्याला समजावायला मात्र वेगळं माणूस नाही. ते काम इंजेक्शनं, सलाईन आणि नोंदींच्या फटीत बसवावं लागतं.

संमतीपत्राबाबत एक गैरसमज दूर व्हायला हवा. शस्त्रक्रिया, तिचे धोके आणि पर्याय सांगणं ही डॉक्टरचीच जबाबदारी. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती स्पष्ट केली. ‘सिस्टर, सही घेऊन टाका’ हा शॉर्टकट दोघांच्याही अंगाशी येऊ शकतो. तिने विचारायचं ते इतकंच: “काय कळलं, ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.” त्या उत्तरासाठी केसपेपरवर दोन ओळींची जागा आणि ड्यूटीत दहा मिनिटं राखायला हवीत.

आणि वाचकहो, घरात कुणाच्या ऑपरेशनची तारीख ठरली असेल, तर चालू गोळ्यांची पिशवी बरोबर न्या आणि मिश्री, तंबाखू, दारू काहीही सिस्टरपासून लपवू नका.