हद्दीपलीकडचा वाघ

बुलढाण्याहून खामगावकडे जाणारा रस्ता बोथ्याच्या ज्या अरण्यातून जातो, त्या सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ च्या डिसेंबरात एक तरुण वाघ दाखल झाला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथे जन्मलेल्या या वाघाच्या गळ्यात त्याच वर्षी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला होता. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडाशी घर सोडून, तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख आणि मराठवाड्याची शेते तुडवीत, सुमारे १३०० किलोमीटर चालून तो येथवर कसा आला, हे जगाला कळले. दफ्तरी त्याचे नाव ‘टी१-सी१’. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले.

ज्ञानगंगा ज्या वऱ्हाडात आहे, ते १८५३ साली निजामाने इंग्रजांच्या हवाली केले, पुढे ते मध्यप्रांताला जोडले गेले, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. एवढ्या अंमलांत हद्दी फिरल्या, पण पैनगंगेचे खोरे आणि अजिंठ्याची डोंगररांग जागच्या जागी राहिली, आणि वाघाने वाट धरली ती त्यांचीच.

अरण्ये व वन्यजीवांचे संरक्षण हे विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आले. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये प्रत्येक राज्याचा मुख्य वन्यजीवरक्षक वेगळा, आणि त्याचा अखत्यार राज्याच्या सीमेपाशी संपतो. वाघ सरहद्द ओलांडतो तेव्हा त्याची खबर, गावकऱ्यांना द्यावयाची सूचना, मारल्या गेलेल्या जनावराचा पंचनामा आणि नुकसानभरपाई, हे सारेच दुसऱ्या दफ्तराकडे जाते. गळ्यातील पट्टा वाघाचा ठावठिकाणा सांगतो. तो ऐकून पलीकडच्या अधिकाऱ्याने वेळीच हालचाल करावी, ही तजवीज मात्र माणसांनाच करावी लागते.

हद्द ओलांडणारा वाघ एकटाच नाही. ज्ञानगंगेच्याच बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर २०२० साली रामसर यादीत गेले. इराणमधील रामसर शहरी १९७१ साली झालेल्या या पाणथळ जागांच्या करारात भारत १९८२ पासून सामील आहे. जगभर घटत चाललेले छोटी लालसरी हे बदक हिवाळ्यात उत्तरेकडील देशांतून येथे उतरते, आणि त्याचे रक्षण एकट्या लोणारने होण्यासारखे नाही, हे करारामागील तत्त्व निर्विवाद आहे. पण मला वाटते, दूरच्या राष्ट्राशी करार करणे तुलनेने सोपे असते. अवघड असते ते शेजारच्या वनविभागाशी, महसूल खात्याशी आणि रस्ते बांधणाऱ्यांशी एकमत होणे, कारण तेथे जमीन द्यावी लागते.

ज्ञानगंगेत वॉकरला जोडीदारीण नव्हती. बाहेरून वाघीण आणून सोडावी काय, याची चर्चा पुष्कळ झाली. २०२१ साली तो स्वतःच गौताळा अभयारण्याकडे निघून गेला. वाघीण आणल्याने एका वाघाचा प्रश्न सुटला असता, वाटेचा नव्हे. ती वाट बहुतांशी कापूस-सोयाबीनच्या खाजगी शेतांतून जाते, आणि सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. शिवाय वॉकर गेल्यानंतर, डिसेंबर २०२२ मध्ये, समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा वाहतुकीस खुला झाला. तो मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांतून जातो. वन्यप्राण्यांसाठी त्यावर भुयारी आणि उन्नत मार्ग बांधलेले आहेत. टिपेश्वरहून ज्ञानगंगेकडे येणाऱ्या पुढच्या वाघाला त्यांतलाच एखादा शोधून काढावा लागेल.