फासे घ्या ढीगभर, पण पारखून!

मित्रांनो, लुडोच्या डब्यातलं सगळ्यात आधी काय हरवतं, सांगा पाहू? पट नाही, सोंगट्या नाहीत. हरवतो तो फासा! टुणकन उडी मारून कपाटाखाली जातो आणि दिवाळीच्या साफसफाईलाच पुन्हा भेटतो. आता विचार करा, एखाद्या खेळाला एक नाही, तर सात निरनिराळे फासे लागत असतील तर? आणि खेळायला पाच जण बसले असतील तर?

असा खेळ आहे. त्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात, म्हणजे सोंग घेऊन खेळायची गोष्ट. त्यात पट नसला तरी चालतं. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. समजा, सूत्रधार म्हणाला, "तुम्ही रोह्याहून निघालात. अंधार पडलाय. समोर अवचितगडाचा चढ आहे, आणि वर कुणीतरी मशाल हलवतंय. काय करता?" तुम्ही म्हणता, "मी तटाला धरून वर चढतो." जमेल का? ते सूत्रधार ठरवत नाही आणि तुम्हीही नाही. ते फासा ठरवतो! वीस बाजूंचा फासा टाकायचा. बारा किंवा त्याहून मोठं दान पडलं तर चढलात, नाहीतर घसरलात. बारापासून वीसपर्यंत नऊ आकडे, म्हणजे वीसांत नऊ वेळा यश. पेणची मुलं हाच खेळ सांकशीच्या किल्ल्यावर रचू शकतात. गोष्ट आपली, किल्ला आपला. फासे तेवढे हवेत.

आणि घोडं तिथेच अडतं. एकाकडे चकचकीत फाशांचा संच असतो, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. तो रुसला की खेळ बंद! म्हणून फासे सगळ्यांचे हवेत, स्वस्त हवेत आणि प्रामाणिकही हवेत. ते कसं साधायचं, तेच आज बघू.

फासे शाळेतून आले!

या खेळांतला सगळ्यात गाजलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्यांना चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे मिळाले कुठे? जुगाराच्या अड्ड्यावर नव्हे, तर शाळांना गणिताचं साहित्य विकणाऱ्या एका कॅटलॉगमध्ये! भूमितीतल्या घनाकृती मुलांना हातात घेऊन बघता याव्यात म्हणून ते बनवलेले होते. सगळ्या बाजू सारख्या आणि सगळे कोपरे सारखे अशा बहिर्वक्र आकृती जगात फक्त पाचच आहेत: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंच्या. त्यांत दहा बाजूंचा फासा नंतर येऊन बसला. तो या पाचांतला नाही, पण मोजायला सोयीचा. दहा बाजूंचे दोन घेतले, एक दशकाचा आणि एक एककाचा, की एक ते शंभर आकडे मिळतात. असा झाला सातांचा संच.

पण फासा काही अमेरिकेचा नव्हे बरं का! मोहेंजोदडोला साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, भाजलेल्या मातीचे सहा बाजूंचे फासे सापडले आहेत. आजच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते. तिथल्या बऱ्याच फाशांवर मात्र एकासमोर दोन, तिनासमोर चार आणि पाचासमोर सहा असे ठिपके होते. ऋग्वेदाच्या काळात तर बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरत. हो, त्रिफळा चूर्णातला तोच बेहडा! आपल्याकडे सारीपाटाला लांबट, चार बाजूंचे फासे असतात. जेजुरीचा खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळला आणि हरला, ही कथा तुम्ही आजीकडून ऐकली असेल. वीस बाजूंचा फासाही जुनाच. इजिप्तमध्ये सापडलेला, ग्रीक अक्षरं कोरलेला दगडी फासा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ठेवलेला आहे.

आधी मोजा, मग घ्या

पाच जणांनी सात-सात फासे घेतले तर पस्तीस होतात. पण एका वेळी एकच जण फासा टाकतो ना? मग मधोमध एक सामाईक संच ठेवा आणि प्रत्येकाला साधे सहा बाजूंचे दोन-दोन द्या. सात अधिक दहा, झाले सतरा. निम्म्याहून कमी! चाळीस मुलांच्या वर्गाचे पाच-पाचांचे आठ गट होतील. त्यांना आठ संच आणि सहा बाजूंचे ऐंशी फासे पुरतात.

आता घाऊक की किरकोळ? थोडं गणित करू. आकडे नुसते समजण्यासाठी आहेत, बाजारभाव तुम्ही विचारा. समजा, शंभर फाशांचं पाकीट ४०० रुपयांना आहे आणि वर टपालखर्च ६० रुपये. म्हणजे ४६० रुपये. गावातल्या दुकानात दहांचं पाकीट ६० रुपयांना मिळतं. पेणच्या मुलांना ४५ फासे हवेत. त्यांना पाच पाकिटं, म्हणजे ३०० रुपये पडतील. मोठं पाकीट त्यांना महागच! रोह्याच्या मुलांना ४० हवेत. त्यांना २४० रुपये. एकूण ५४०. पण दोन्ही गावांनी मिळून एकच मोठं पाकीट मागवलं तर? ४६० रुपयांत काम होतं आणि वर पंधरा फासे शिल्लक राहतात, हरवायला! खर्च फाशांच्या संख्येप्रमाणे वाटला तर पेणच्या वाट्याला सुमारे २४४ आणि रोह्याच्या वाट्याला सुमारे २१६ रुपये येतील. पेण आणि रोहा एकाच रेल्वेमार्गावर आहेत. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. एखाद्याचे काका-मामा जाता-येता पाकीट पोचवतील.

म्हणजे लक्षात आलं ना? घाऊक स्वस्त असतं, पण सगळा माल वापरला गेला तरच. आणि भाव करताना टपालखर्च धरूनच एका फाशाची किंमत काढा. घरचं कुणी मुंबईला जाणार असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर खेळणी आणि स्टेशनरीचा घाऊक बाजार आहे. सहा बाजूंच्या फाशांची चौकशी तिथे करायला सांगा.

एकही संच नाही? तरी खेळा!

एक लुडोचा फासा आणि तीन वेगवेगळी नाणी घ्या. झाला तुमचा पूर्ण संच! कसा ते बघा.

चार बाजूंचा: दोन नाणी उडवा. छापा-छापा म्हणजे १, छापा-काटा २, काटा-छापा ३, काटा-काटा ४. पहिलं नाणं कुठलं आणि दुसरं कुठलं, ते आधी ठरवा.

आठ बाजूंचा: वरच्यासारखं दान काढा आणि तिसरं नाणं उडवा. छापा आला तर आहे तेच दान, काटा आला तर त्यात ४ मिळवा.

बारा बाजूंचा: फासा टाका आणि एक नाणं उडवा. काटा आला तर ६ मिळवा.

दहा बाजूंचा: फासा टाका. सहा पडला तर पुन्हा टाका. मग नाणं उडवा. काटा आला तर ५ मिळवा.

वीस बाजूंचा: फासा टाका, सहा पडला तर पुन्हा टाका. मग दोन नाण्यांनी १ ते ४ मधलं दान काढा. १ आलं तर काही मिळवू नका, २ आलं तर ५ मिळवा, ३ आलं तर १० आणि ४ आलं तर १५.

एक युक्ती मात्र चालायची नाही. दोन फाशांची बेरीज म्हणजे बारा बाजूंचा फासा नव्हे! त्यात एक कधीच येत नाही. शिवाय सात सहा प्रकारांनी येतो आणि बारा एकाच प्रकाराने. मग सगळ्या आकड्यांना सारखी संधी कुठे राहिली?

चिठ्ठ्यांनीही काम भागतं. १९७९ साली अमेरिकेत फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या डब्यात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे दिले होते. कापायचे, पेल्यात घालायचे आणि एक उचलायचा. फक्त उचललेला तुकडा पुन्हा पेल्यात टाकायला विसरू नका.

साच्याची गोष्ट

पेणच्या मुलांना साचा म्हणजे काय ते सांगायला नको. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत एका साच्यातून कितीतरी मूर्ती निघतात. म्हणून त्या परवडतात. प्लॅस्टिकचे फासेही साच्यातूनच निघतात, म्हणून ते स्वस्त. पण साच्यात खोट असली तर ती प्रत्येक नगात उतरते. मूर्तीचं बरं असतं. कारागीर प्रत्येक मूर्तीवरून हात फिरवतो, ओबडधोबड भाग साफ करतो, डोळे आखतो. स्वस्त फाशावर असा हात कोण फिरवणार? ते पिंपात घालून घुसळतात, म्हणजे चकाकी येते. त्यात एखादा कोपरा जास्त झिजतो, एखादा कमी. लू झॉकी नावाच्या अमेरिकन फासेवाल्याने हे दाखवायला वीस बाजूंचे फासे एकावर एक रचले होते. सारख्याच संख्येच्या चळती कमी-जास्त उंच झाल्या! म्हणून पाकीट आलं की हात आपणच फिरवायचा.

करून बघा: फाशाची पारख

१. डोळ्यांनी बघा. सहा बाजूंच्या फाशावर समोरासमोरची बेरीज ७ हवी, वीस बाजूंच्यावर बहुधा २१. एखादा आकडा दोनदा तर आला नाही ना? ६ आणि ९ यांच्याखाली रेघ किंवा ठिपका आहे ना?

२. मापा. फासे आरशावर ओळीने ठेवा आणि वरून पट्टी टेकवा. मग फासे दुसऱ्या बाजूवर करून पुन्हा पट्टी टेकवा. पट्टी डगमगली की कमी-जास्त उंचीचा फासा लगेच कळतो.

३. मिठाची परीक्षा. पेणचा खारेपाट म्हणजे मिठागरांचा मुलूख, तेव्हा मिठाला तोटा नाही. अर्धा पेला, म्हणजे साधारण १०० मिलिलिटर, कोमट पाणी घ्या. त्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळवा. फासा तरंगला तर त्याला बोटाने टिचकी मारा आणि कुठली बाजू वर येते ते लिहा. असं दहा वेळा करा. दरवेळी तीच बाजू वर आली तर समजा, समोरची बाजू जड आहे. आत हवेचा बुडबुडा असला तरी असं होतं. फासा बुडाला तर तो वाईट ठरत नाही. त्याचं प्लॅस्टिक जड आहे इतकंच. त्याला पुढची परीक्षा द्या.

४. साठ दानं. सहा बाजूंचा फासा ६० वेळा टाका. प्रत्येक आकडा साधारण १० वेळा यायला हवा. पण अगदी दहा-दहा येणार नाहीत! मग किती फरक चालेल? प्रत्येक आकड्याचा दहापासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा आणि सहाही वर्गांची बेरीज करा. समजा, आकडे ८, १२, ९, ११, ७, १३ वेळा आले. फरक २, २, १, १, ३, ३. वर्गांची बेरीज २८. फासा पास! दुसऱ्या फाशाचे आकडे ५, ६, ८, ९, १३, १९ वेळा आले. वर्गांची बेरीज १३६. हा संशयित! बेरीज ११० च्या वर गेली की संशय घ्यायचा. पण लगेच फेकू नका. प्रामाणिक फाशाचीही बेरीज वीसांतून एकदा एवढी जाऊ शकते. पुन्हा ६० वेळा टाका. पुन्हा ११० च्या वर गेली तर मात्र त्याला निवृत्त करा.

ही परीक्षा कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञाने १९०० साली मांडली. त्याने वेल्डन नावाच्या प्राध्यापकाची आकडेवारी तपासली होती. वेल्डनने बारा फासे एकदम, असे २६,३०६ वेळा टाकून नोंदी केल्या होत्या! पाच किंवा सहा यायला हवेत तीनांत एकदा, म्हणजे शेकडा ३३.३३ वेळा. आले शेकडा ३३.७७ वेळा. फरक केवढासा, पण एवढ्या दानांनंतर तो लपला नाही. पाच-सहाच्या बाजूंवर खड्डे जास्त कोरलेले असतात, म्हणून त्या हलक्या होतात आणि वर येतात, असा त्याचा उलगडा करतात. तुम्हाला साठच दानं टाकायची आहेत, तेव्हा घाबरू नका!

आईबाबांसाठी दोन शब्द

फासे म्हटलं की धर्मराजाचं द्यूत आठवतं, हे खरं. पण द्यूतात बिघडलं ते पणामुळे. मुलांना एकच नियम घालून द्या: पैसे, खाऊ, वस्तू, काहीही पणाला लावायचं नाही. घरात रांगणारं बाळ असेल तर फासे मोजून डब्यात ठेवायला लावा, कारण ते सहज तोंडात जातात. आणि जमलं तर एखाद्या संध्याकाळी तुम्हीच सूत्रधार व्हा. तुमच्या लहानपणीची कुंडलिका किंवा भोगावती नदी गोष्टीत आणा. मुलं हलायची नाहीत.

तर मित्रांनो, महागडा संच असेल त्याचा खेळ, असं काही नसतं. सगळ्यांनी मिळून घेतलेले आणि सगळ्यांसमोर पारखलेले फासे असले, की वाईट दान पडलं तरी कुणी कुणावर रागावत नाही. लुडोचा फासा कपाटाखालून काढा, तीन नाणी घ्या आणि साठ दानं टाकायला बसा!