कालवांच्या पिल्लांची मेस

मेसची आमटी पातळ झाली की आपण वाटी घेऊन थेट रेक्टरांच्या दारात! पण लाखो मेंबर एकाच टाकीत आणि उपाशी राहिले तरी एकही ओरडत नाही, अशी मेस मी मे २०२३ मध्ये पाहिली.

ट्रेनिंगसाठी मी पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॅचरीत होतो. तिथे कालवांची, म्हणजे ऑयस्टरची पैदास होते. आमच्या रत्नागिरीकडेही बायका ओहोटीला खडकावरून कालवं फोडून आणतात. पिल्लू पहिले दोन-तीन आठवडे पाण्यात पोहतं आणि आयसोक्रायसिससारखं सूक्ष्म शेवाळ गाळून खातं. एक पेशी मिलीमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाएवढी! हे शेवाळ जिवंत वाढवायचं तर गाळलेलं पाणी, खत, दिवे, हवा, एसी सगळं हवं. १९९२ साली गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरच्या हॅचऱ्यांचा आढावा घेतला, तेव्हा एकूण खर्चाचा सरासरी ३० टक्के भाग शेवाळावरच जात होता.

एका रात्री लाईट गेली. परत आली, पण एसीचा कंट्रोलर रीसेट करायचा राहिला. ते काम माझं होतं. सकाळी सोनेरी-तपकिरी बरण्या फिकट पडलेल्या, तळाशी गाळ. कल्चर क्रॅश!

घाबरून मी म्हटलं, "सर, बेकरीचं यीस्ट टाकूया का? साईझ तर जवळपास तीच आहे." सर हसले. इंग्रजी-तमिळ मिसळून ते जे बोलले त्याचा अर्थ असा, की पोट भरणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. यीस्टचं कवच जाड, ते नीट पचत नाही. शिवाय वाढीला लागणारी डीएचए, ईपीए ही फॅटी ॲसिड्स त्यात नसतात.

मग उपाय? सेंट्रिफ्यूजने घट्ट केलेली शेवाळाची पेस्ट. फ्रिजमध्ये ती काही आठवडे टिकते, सत्त्वही बरंचसं राहतं. पण पेशी मेलेल्या, त्यामुळे त्या तळाशी बसतात आणि उरलेल्यावर बॅक्टेरिया माजतात. म्हणजे हवा सतत चालू हवी, खाणं थोडं थोडं द्यायचं, पाणी वेळेवर बदलायचं. वाळवलेली पावडरही मिळते, पण नीट ढवळली नाही तर गुठळ्या होतात. कवच धरून बसलेली मोठी पिल्लं अशा खाण्यावर बऱ्यापैकी निभावतात, पोहणारी कोवळी पिल्लं मात्र नाजूक. म्हणून पेस्ट बहुधा जिवंत शेवाळाच्या जोडीला वापरतात, पूर्णपणे त्याच्या जागी नाही.

आम्हीही तेच केलं. वेगळ्या खोलीत वाचलेलं थोडं शेवाळ आणि पेस्ट, निम्मं-निम्मं. दोन रात्री मी पंपाजवळच झोपलो. बरीच पिल्लं तळाला गेली, ती माझ्या खात्यावर. पण तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली उरलेल्यांच्या पोटात तपकिरी ठिपका दिसला. जेवली होती!

थोडक्यात काय, पेस्ट उत्तम असली तरी ती पिल्लांच्या तोंडापर्यंत तरंगत नेणारा पंप आणि कंट्रोलर आपल्यासारख्यांच्याच हातात असतो. तेव्हा रीसेटचं बटण विसरू नका!