कोड की कोढ? एका नावाचा घोळ

मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या ओठाजवळ पांढरा डाग आला. मराठीच्या बाई सहज म्हणाल्या, "कोड दिसतंय, डॉक्टरांना दाखवा." घरी नानीने ऐकलं 'कोढ', आणि पोरीचं ताट-ग्लास वेगळं झालं. आम्ही दोन्ही भाषा शिकवणारे, म्हणून समजवायला गेलो.

मराठीत कोड म्हणजे कातडीचा रंग जाणं. ते कुणाला लागत नाही. उर्दू-हिंदीत कोढ म्हणजे कुष्ठरोग, ज्याला आपल्याकडे महारोगही म्हणतात. गंमत अशी की दोन्ही शब्द संस्कृत 'कुष्ठ'मधूनच निघाले. आणि कुष्ठ हे मुळात एकाच आजाराचं नाव नव्हतं. चरकसंहितेत त्याचे 18 प्रकार आहेत. पांढऱ्या डागांना वैद्य श्वित्र म्हणत. बोलीभाषेत मात्र सगळं एका पोत्यात गेलं.

अरबीने हा फरक नीट राखला. पांढरे डाग म्हणजे 'बरस'. कुष्ठरोग म्हणजे 'जुजाम', ज्याच्या मुळाशी 'तोडणं' हा अर्थ आहे. कुरआनात हजरत ईसा (अ.स.) यांच्या मोजिजांमध्ये (सूरह आले-इमरान, आयत 49) शब्द 'अबरस' आहे, म्हणजे बरस झालेला. तरी कितीतरी तर्जुम्यांत 'कोढी' छापलेलं दिसतं!

युरोपातही असंच झालं. ग्रीक 'लेप्रा' म्हणजे खपल्या निघणारा आजार. अरबी वैद्यकाची पुस्तकं लॅटिनमध्ये नेताना जुजामला तेच नाव चिकटलं, त्यातून 'लेप्रसी'. 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांना त्याचा जंतू सापडला, म्हणून आता पुष्कळ ठिकाणी 'हॅन्सनचा आजार' म्हणतात.

खरं तर कुष्ठरोग असता, तरी ताट वेगळं करायची गरज नव्हती. एकत्र जेवल्याने तो पसरत नाही, सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि सहा महिने ते वर्षभरात रोगी बरा होतो. पण नावाची दहशत एवढी की 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात हा आजार तलाक मागण्याचं कारण होता. 2019 मध्ये तो शब्द कायद्यातून काढला गेला. घराघरांतून निघायला वेळ लागेल.

नानी सगळं ऐकून म्हणाल्या, "फिर इसको बोलते क्या?" आम्ही म्हणालो, "फुलबहरी."

"अरे, फुलबहरी? वो तो हमारी खाला को थी, सात बच्चे पाले उन्होंने." आणि पोरीला हाक मारून आपल्याच ताटात जेवायला बसवलं.